आडातलं किती पोहऱ्यात येईल? जुन्या टीव्हीला नवं उपकरण जोडण्याआधी

नोव्हेंबर उजाडला की सवलतींच्या ई-मेलांचा पाऊस सुरू होतो. फोर-के प्लेअर, फोर-के स्टिक, साउंडबार, 'अल्ट्रा' केबल. आणि तुमच्या बैठकीच्या खोलीत मात्र दहा-पंधरा वर्षांपूर्वी घेतलेला टीव्ही अजून छान चालू असतो. तो टाकवत नाही आणि टाकायचं तसं कारणही नाही. मग यातलं काय जोडलं तर चित्र खरंच सुधारेल आणि कुठे नुसते पैसे जातील?

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण व्हिडिओला दोन्ही बाजूंनी लागू पडते. मूळ चित्रीकरणात जे नाही ते कुठलाही टीव्ही दाखवू शकत नाही. आणि आड काठोकाठ भरलेला असला तरी पोहऱ्यात मावेल तेवढंच पाणी वर येतं. मधला दोरही तेवढं वजन पेलणारा हवा. म्हणून काहीही विकत घेण्याआधी हे तीन हिशेब करूया: पोहरा म्हणजे टीव्ही, दोर म्हणजे जोडणी आणि आड म्हणजे चित्र जिथून येतं ते ठिकाण.

पोहरा किती मोठा?

टीव्हीच्या मागच्या स्टिकरवर मॉडेल क्रमांक असतो. त्यावरून पडद्यावर किती पिक्सेल आहेत ते शोधा. २०१० च्या आसपासचे बरेचसे टीव्ही 'फुल एचडी' आहेत: १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार पिक्सेल. फोर-के म्हणजे ३८४० × २१६०, सुमारे ८३ लाख. बरोबर चौपट. फुल एचडी पडद्याला फोर-के चित्र दिलं तर ते आधी लहान करून २० लाखांत बसवलं जातं. उरलेलं सांडतं.

पण ही चौपट तुम्हाला दिसते का, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. सर्वसाधारण चांगली दृष्टी (अमेरिकेत २०/२०, भारतात ६/६) एक कलामिनिट, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनात असलेले दोन बिंदू वेगळे ओळखू शकते. ४० इंची फुल एचडी टीव्हीची रुंदी सुमारे ८८.६ सेंटीमीटर असते. तिला १९२० ने भागलं तर एक पिक्सेल ०.४६ मिलिमीटरचा निघतो. एवढा ठिपका सुमारे १६० सेंटीमीटरवरून एक कलामिनिटाचा दिसतो. त्याहून मागे बसलात तर शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतात.

यातून एक सोपा नियम निघतो. टीव्हीच्या इंचांना ४ ने गुणा. जो आकडा येईल, तितक्या सेंटीमीटरपलीकडे फुल एचडीचे पिक्सेल सुटे दिसत नाहीत. ४० इंचांसाठी १६० सेंटीमीटर, ५५ इंचांसाठी २२०. टेप घेऊन तुमच्या सोफ्यापर्यंतचं अंतर मोजा. सोफा अडीच-तीन मीटरवर असेल, तर ४० इंचांच्या पडद्यावर फोर-केचा जास्तीचा तपशील तुमच्या डोळ्यांना जवळपास दिसणारच नाही. हा हिशेब ढोबळ आहे. काहींची दृष्टी याहून तीक्ष्ण असते आणि काही बारीक रेघा थोड्या जास्त अंतरावरूनही जाणवतात. पण निर्णय घ्यायला तो पुरेसा आहे.

दुकानात नवा टीव्ही उठून दिसतो त्यामागे बऱ्याचदा पिक्सेल नसून एचडीआर असतं, म्हणजे उजेड आणि अंधार यांतला मोठा पल्ला आणि जास्त रंग. हा फरक कितीही अंतरावरून दिसतो. मात्र तो पडद्याच्या प्रकाशक्षमतेवर अवलंबून असतो. कुठलीही डबी जोडून तो जुन्या टीव्हीत आणता येत नाही.

दोर पेलेल का?

एचडीएमआय केबल लावली की दोन्ही उपकरणांमध्ये आधी एक छोटं संभाषण होतं. टीव्ही सांगतो, मला अमुक इतके पिक्सेल आणि सेकंदाला इतक्या फ्रेम चालतात. स्टिक किंवा प्लेअर त्यानुसार चित्र पाठवतो. म्हणून फोर-के स्टिक फुल एचडी टीव्हीला लावली तर काही बिघडत नाही. ती मुकाट्याने १०८० वर येते.

दुसरं संभाषण कॉपी-संरक्षणाचं, म्हणजे एचडीसीपीचं असतं. संरक्षित फोर-के चित्रपटांसाठी सहसा एचडीसीपी २.२ लागतं. २०१३-१४ मधल्या सुरुवातीच्या काही फोर-के टीव्हींमध्ये ते नव्हतं. अशा टीव्हीवर पिक्सेल पूर्ण असूनही चित्र १०८० वर उतरतं किंवा पडदा काळाच राहतो. मध्ये जुना रिसीव्हर किंवा साउंडबार असेल आणि चित्र त्यातून जात असेल, तर त्यालाही २.२ यावं लागतं. साखळीतलं एक उपकरण अडलं की सगळंच अडतं.

केबलबद्दल एवढंच, की एचडीएमआयमधून आकडे जातात. महागड्या केबलमुळे रंग गडद होत नाहीत की कडा धारदार होत नाहीत. आकडे नीट पोहोचले तर चित्र पूर्ण येतं. नाही पोहोचले तर पडद्यावर ठिपके चमकतात किंवा चित्र मध्येच जातं. १०८० च्या चित्राला सेकंदाला सुमारे ४.५ गिगाबिट लागतात. घरातली जुनी धड केबल ते सहज वाहून नेते.

टीव्हीला एचडीएमआय नसेल तर? तेव्हा पिवळी-पांढरी-लाल पिन किंवा ब्रिटनमधलं स्कार्ट उरतं. ब्लू-रे प्लेअरच्या नियमांनुसार २०१३ नंतर बनलेल्या प्लेअरमधून संरक्षित डिस्कचं चित्र अॅनालॉग मार्गाने बाहेर येतच नाही. बाजारात कन्व्हर्टर मिळतात, पण पिवळ्या पिनेतून जास्तीत जास्त जुन्या डीव्हीडीच्या तोडीचं चित्र मिळतं आणि काही कन्व्हर्टरवर संरक्षित चित्र दिसतच नाही. अशा टीव्हीवर नवं उपकरण लावण्यापेक्षा तेच पैसे पुढच्या टीव्हीसाठी ठेवलेले बरे.

आडात काय आहे?

'१०८०' हा आकडा सारखा असला तरी चित्र सारखं नसतं. नेटफ्लिक्स १०८० साठी सेकंदाला ५ मेगाबिटची जोडणी पुरेशी मानतं. साध्या ब्लू-रे डिस्कवर केवळ चित्रासाठी ४० मेगाबिटपर्यंत जागा असते. हा फरक अंधारी दृश्यं, धुकं, पाऊस, पाण्याच्या लाटा यांत लगेच कळतो. स्ट्रीमिंगमध्ये तिथे चौकोनी ठोकळे किंवा रंगांचे पट्टे दिसतात. त्यामुळे जुन्या फुल एचडी टीव्हीला सगळ्यात चांगलं चित्र साध्या ब्लू-रे प्लेअरमधून मिळतं. गावच्या सार्वजनिक वाचनालयात या डिस्क मिळतात का, तेही विचारून पाहा.

फोर-के ब्लू-रे प्लेअर मात्र जपून घ्या. त्या डिस्कवरचं चित्र सहसा एचडीआर असतं. तुमच्या टीव्हीसाठी प्लेअरला ते साध्या प्रकाशपल्ल्यात उतरवावं लागतं. सगळे प्लेअर हे सारख्याच कौशल्याने करत नाहीत, आणि चित्र कधीकधी मंद, फिकं दिसतं. वर्षा-दोन वर्षांत टीव्ही बदलायचं ठरलं असेल तरच तो आत्ता घेण्यात अर्थ आहे. साध्या ब्लू-रे आणि डीव्हीडी तोही वाजवतो.

आपल्यासारख्यांना डिस्कच्या बाबतीत आणखी एक अडचण येते ती विभागांची. डीव्हीडीसाठी अमेरिका विभाग १, ब्रिटन आणि आखाती देश २, तर भारत ५. ब्लू-रेसाठी अमेरिका ए, ब्रिटन बी, भारत सी. काही डिस्क सर्व विभागांसाठी असतात, म्हणून वेष्टनावरचा छोटा पृथ्वीगोल आधी बघा. फोर-के ब्लू-रे डिस्कना हे विभाग नाहीत.

टीव्ही 'स्मार्ट' असेल पण त्यातली अॅप मरत चालली असतील, तर दोष पडद्याचा नाही. आतलं सॉफ्टवेअर म्हातारं झालं आहे. डिसेंबर २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने २०१०-११ च्या काही टीव्हींवर चालणं बंद केलं, ते याच कारणाने. एक साधी स्टिक लावली की प्रश्न सुटतो. मग टीव्हीची स्वतःची इंटरनेट जोडणी काढून टाका. सुरक्षेचे अपडेट बंद झालेलं उपकरण जाळ्यावर ठेवू नये.

फुकटची सुधारणा आणि आवाज

रिमोट हातात घ्या. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा नीट येत नसत, म्हणून कडेचा थोडा भाग मुद्दाम पडद्याबाहेर ढकलत. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. सपाट पडद्याला त्याची गरज नाही, तरी अनेक टीव्ही ती सवय चालू ठेवतात. चित्र किंचित ताणलं जातं आणि प्रत्येक पिक्सेल थोडा पुसट होतो. मेनूमध्ये 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा 'डॉट बाय डॉट' असा पर्याय शोधा. 'व्हिव्हिड' काढून 'मूव्ही' निवडा आणि 'शार्पनेस' बरंच खाली आणा. ते वाढवल्याने नवा तपशील येत नाही, कडांभोवती पांढरी रेघ मात्र येते.

यानंतर पैसे खर्च करायचेच असतील तर आवाजावर करा. सपाट टीव्हीचे छोटे स्पीकर अनेकदा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात आणि संवाद पुसट ऐकू येतात. साधा साउंडबारही तिथे मोठा फरक पाडतो. एचडीएमआयमधून आवाज परत पाठवण्याची सोय, एआरसी, २००९ च्या १.४ आवृत्तीत आली. तुमच्या टीव्हीच्या एखाद्या खाचेवर 'एआरसी' लिहिलं नसेल, तर ऑप्टिकल खाच असलेला साउंडबार घ्या.

आड आटतो आहे

आता सगळ्यात निकडीची गोष्ट. आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात लग्नाच्या, मुंजीच्या, आजी-आजोबांच्या व्हीएचएस टेपा आहेत. फोर-केचा निर्णय पुढच्या वर्षी घेतला तरी काही जात नाही. टेपांचं तसं नाही. त्यांच्यावरचा चुंबकीय थर दरवर्षी थोडा खराब होतो, आणि व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं.

भारतात भरलेली टेप सहसा पाल पद्धतीची असते: ६२५ रेषा, सेकंदाला २५ फ्रेम. अमेरिकेतली एनटीएससी: ५२५ रेषा, जवळपास ३० फ्रेम. व्हीसीआरमधलं डोकं पालसाठी सेकंदाला २५ फेरे घेतं, एनटीएससीसाठी जवळपास ३०. टेपही पालमध्ये सेकंदाला २.३४ सेंटीमीटर सरकते, एनटीएससीत ३.३४. म्हणून अमेरिकी व्हीसीआरमध्ये भारतातली टेप घातली की चित्र फाटतं. ते टेपेचं नुकसान नसतं. पाल किंवा बहुपद्धती व्हीसीआर मिळवा. तो भारतातून आणलेला असेल तर अमेरिकेच्या १२० व्होल्टसाठी ट्रान्सफॉर्मर लागेल. ब्रिटनमध्ये आणि आखातात पाल यंत्र मिळवणं त्या मानाने सोपं आहे.

टेप लावण्याआधी खिडकीतून आत डोकवा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत राहिलेल्या टेपांवर पांढरी बुरशी धरते. ती दिसली तर टेप यंत्रात घालू नका, कारण बुरशी डोक्याला चिकटून पुढच्या टेपेवर जाते. अशा टेपा जाणकाराकडे द्या. बाकीच्या एकदा पूर्ण पुढे-मागे गुंडाळून घ्या, म्हणजे चिकटलेले थर सुटतात.

संगणकावर उतरवताना तीन गोष्टी सांभाळा. पाल चित्र ७२० × ५७६ मध्येच घ्या. टेपेचा आडवा तपशील जेमतेम २४० रेषांचा असतो, फोर-के करून त्यात भर पडत नाही. दुसरं, पालमध्ये सेकंदाला ५० अर्धी चित्रं असतात. ती २५ मध्ये एकत्र करू नका, नाहीतर हालचाल धक्क्याधक्क्याने दिसते. फाइल ५० फ्रेमची करा. तिसरं, चित्राचं प्रमाण ४:३ ठेवा. रुंद पडदा भरण्यासाठी ताणलं तर पंगतीतली सगळी माणसं फुगलेली दिसतात. डीव्ही स्वरूपात तासाला सुमारे १३ गिगाबाइट जागा लागते. दोन प्रती करा, एक घरी आणि एक दुसऱ्या शहरातल्या भावंडाकडे.

एकदा फाइल झाली की पाल-एनटीएससीचा वाद संपतो. पेन ड्राइव्हवरून किंवा स्टिकवरून ती तुमच्या जुन्या टीव्हीवर लावा. कमी तपशिलाचं चित्र मध्यम आकाराच्या फुल एचडी पडद्यावर डोळ्यांना बरं वाटतं. ७५ इंचांवर तीच टेप नुसत्या दाण्यांची दिसते.

म्हणून या सवलतींच्या दिवसांत खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी टेपा, मग रिमोटवरची फुकटची दुरुस्ती, मग आवाज, मग गरज असेल तर स्टिक किंवा साधा ब्लू-रे प्लेअर. फोर-के प्लेअर टीव्ही बदलाल तेव्हा. आणि या आठवड्यात कपाट उघडून टेपा मोजा. कुठल्या टेपेत कोण आहे, हे सांगणारी माणसं आहेत तोवर त्यांना फोन करून लेबलं लिहून घ्या.