घरच्या फुलबागेतील रंगयोजना

(परिसर अभ्यास व कार्यानुभव या विषयांसाठी पाठ)

शाळेत बागकामाचा पाठ झाला, की मुले उत्साहाने घरच्या अंगणात रोपे लावतात. एक झेंडू, एक जास्वंद, एक गुलबक्षी, एक अबोली; जे मिळेल ते आणि जागा सापडेल तेथे. यथावकाश फुले येतात. परंतु अंगण शोभिवंत दिसण्याऐवजी विस्कळीत दिसते. रंग पुष्कळ असूनही परिणाम साधत नाही. याचे कारण असे की, रंगाची शोभा एकट्या फुलावर अवलंबून नसते. त्याच्या शेजारी काय आहे, उजेड कोणता आहे आणि पाहणारा डोळा कोणाचा आहे, यांवर ती ठरते. हे मुलांच्या ध्यानी आणून देणे हा या पाठाचा हेतू होय.

पनवेल तालुक्यातील मुलांना यासाठी दूरचे उदाहरण नको. श्रावण-भाद्रपदात कर्नाळ्याच्या बाजूस डोंगरउतारांवर तेरडा फुलतो. त्याचे एकेक फूल लहानच असते. परंतु असंख्य रोपे एकत्र फुलल्यामुळे सारा उतार गुलाबी दिसतो. यावरून पहिला नियम सांगावा : निरनिराळ्या रंगांचे एकेक रोप लावण्यापेक्षा एका रंगाची सहा-सात रोपे एकत्र लावावीत. अंगण लहान असेल तर दोन किंवा तीन रंग पुरेत.

दुसरा नियम शेजाराचा. तो प्रयोगाने शिकवावा. पांढऱ्या कागदावर लाल जास्वंदीचे फूल ठेवून मुलांना त्याकडे अर्धा मिनिट एकटक पाहू द्यावे. मग फूल उचलून कोऱ्या कागदाकडे पाहण्यास सांगावे. तेथे हिरवट-निळसर आकृती क्षणभर तरंगताना दिसते. लाल रंग जाणणाऱ्या डोळ्यातील पेशी थकल्यामुळे असे घडते. लाल फूल हिरव्या पानांत उठून का दिसते, याचे उत्तर मुलांना येथे मिळते.

पॅरिसमधील गोब्लँ येथील गालिचे विणण्याच्या कारखान्यात शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगविभागाचे प्रमुख होते. काळा रंग फिका पडतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. तपासाअंती रंग निर्दोष ठरला. त्याच्या शेजारी विणलेल्या धाग्यांमुळे तो फिका भासत होता. या विषयावरील त्यांचा ग्रंथ 1839 मध्ये प्रसिद्ध झाला. हीच गोष्ट वाफ्यातही घडते. निळ्या गोकर्णीपुढे केशरी झेंडू लावल्यास दोघांनाही उठाव येतो. गुलाबी तेरडा व केशरी झेंडू मात्र एकमेकांस मारक ठरतात. त्यांच्यामध्ये पांढऱ्या सदाफुलीची ओळ घालावी.

तिसरा नियम वेळेचा. घरातील मंडळी अंगणात केव्हा बसतात, हे मुलांनी घरी विचारून यावे. कामावरून माणसे सायंकाळी परतत असतील, तर दाराजवळ पांढरी फुले असावीत. संधिप्रकाशात लाल रंग आधी काळवंडतो. तगर, मोगरा व अनंत मात्र उशिरापर्यंत दिसतात. सकाळच्या उन्हात पिवळे व लाल रंग खुलतात.

वेळेबरोबर ऋतूही पाहावा. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण मुलांना ठाऊक असतेच. एका रंगाचा बहर ओसरण्यापूर्वी दुसऱ्याची तयारी हवी. मृगाच्या सरींबरोबर तेरड्याचे बी पेरावे. पावसाळ्यात लावलेला झेंडू दसरा-दिवाळीस उपयोगी पडतो व थंडीत शेवंती फुलते. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते; तेव्हा तांदूळ-भाजी धुतलेल्या पाण्यावर मोगरा व सदाफुली जगवावी. तेरड्याची बोंडे पिकताच फुटून बी उधळतात. ती फुटण्याच्या बेतात असतानाच गोळा करावीत, म्हणजे पुढील वर्षी बियाण्यास खर्च पडत नाही.

शेवटचा मुद्दा शिक्षकांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. हिरव्या पानांतील लाल फुले मोजण्यास सांगितली असता एखादा मुलगा चुकतो आणि वर्ग हसतो. तो निष्काळजी असेलच असे नाही. काहींना जन्मतःच लाल व हिरवा यांतील भेद नीट कळत नाही; मुलींपेक्षा मुलांत हे अधिक आढळते. अणुसिद्धान्ताने प्रसिद्ध झालेले जॉन डाल्टन हे याचे उदाहरण. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास खेड्यातील शाळेत शिकवू लागलेल्या डाल्टन यांना 1792 मध्ये जिरेनियमचे एक गुलाबी फूल दिवसा निळे व मेणबत्तीच्या उजेडात तांबडे दिसले. इतरांस तसे दिसत नाही, हे कळल्यावर त्यांनी स्वतःच्या दृष्टीचा अभ्यास करून 1794 मध्ये त्यावर निबंध वाचला.

असा विद्यार्थी आढळल्यास त्यास चारचौघांत विचारू नये. पालकांना विश्वासात घेऊन सांगावे व नेत्रतपासणी सुचवावी. त्याच्या वाफ्यात पांढरी, पिवळी व निळी फुले योजावीत आणि फुलांचा आकार व पाकळ्यांची संख्या यांवरून ती ओळखण्यास शिकवावे. बाग त्याचीही आहे.

स्वाध्याय : प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या अंगणाचा नकाशा काढून त्यात तीन ऋतूंतील फुलांचे रंग भरावेत. अंगण नसल्यास खिडकीतील दोन डब्यांची योजना करावी.