पाकिटावरचे चित्र आणि विडीचा धंदा

व्यापारी बंधूंनो, मालाचा भाव बाजारात ठरतो असे आपण समजतो. तंबाखूचा भाव मात्र बराचसा दिल्लीतल्या कर व कायद्याने ठरतो. तिथे कोण कुठे बसले आहे हे पाहिल्याखेरीज या धंद्याचा हिशेब कळत नाही.

ऑक्टोबर 2014 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अधिसूचना काढली. 1 एप्रिल 2015 पासून तंबाखूच्या पाकिटावर 85 टक्के जागेत रोगाचे चित्र व इशारा छापायचा होता. प्रकरण संसदेच्या समितीपुढे गेले. समितीचे अध्यक्ष आपल्याच महाराष्ट्रातले, अहमदनगरचे तेव्हाचे खासदार दिलीप गांधी. तंबाखूने कर्करोग होतो हे सिद्ध करणारी भारतातली पाहणी नाही, असे ते मार्च 2015 मध्ये म्हणाले. दीड महिन्यापूर्वीच, 16 फेब्रुवारीला, आर. आर. पाटील तोंडाच्या कर्करोगाने गेले होते! त्याच समितीत अलाहाबादचे खासदार श्यामाचरण गुप्ता होते, स्वतः विडी कारखानदार. अंमल थांबवावा, अशी समितीची शिफारस झाली आणि मोठे चित्र एक वर्ष उशिरा, 1 एप्रिल 2016 ला आले. गिरणीमालकाच्या गजाने कापड मोजून घेणाऱ्या दुकानदाराला आपण काय म्हणू?

भारताने 2004 मध्ये मान्य केलेल्या जागतिक तंबाखू नियंत्रण कराराचे कलम 5.3 हेच सांगते, की आरोग्याची धोरणे तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून दूर ठेवावीत.

कारखानदारांची आवडती दलील मजुरांच्या पोटाची. दलील खोटी नाही. मुदखेडहून गाडी निजामाबादला जाते, त्या जिल्ह्यात असंख्य घरांत बाया विड्या वळतात, त्यांत आपल्या भगिनी पुष्कळ. पण मजुरी मिळते हजारावर, तीही ठेकेदाराच्या हातून. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे बुडतात, आणि तंबाखूची धूळ घरातली मुलेसुद्धा श्वासात घेतात. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी परिषदेने विडीवरचा कर 28 वरून 18 टक्के आणि तेंदूपानावरचा 18 वरून 5 टक्के करायचे ठरवले. या सवलतीतले किती पैसे हजारी दरात उतरले, हे वळणाऱ्या बाईने ठेकेदाराला जरूर विचारावे.

आपण कापडवाले साडीचे फॉल-पिको, परकर शिवणे ही कामे बाहेर देतोच. ती विडी वळणाऱ्या घरांत द्यावीत, दर आधी ठरवावा आणि पैसे आठवड्याला रोख द्यावेत.