लिंडिसफार्नचा हल्ला आणि इतिहासाची साधने

इतिहासाच्या तासाला 'साधनांची चिकित्सा' हा भाग शिकले, तेव्हा तो मला केवळ परीक्षेपुरताच वाटला होता. त्याचे खरे मोल एका मालिकेने पटविले. मायकेल हर्स्ट यांची 'व्हायकिंग्ज' ही मालिका २०१३ ते २०२० या काळात दाखविली गेली. तिच्या पहिल्या पर्वाच्या दुसऱ्या भागात रॅग्नार आणि त्याचे सोबती सरदाराचा हुकूम मोडून पश्चिमेकडे जहाज नेतात व इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील लिंडिसफार्नचा मठ लुटतात.

यात खरे किती? हल्ला खरा आहे. तो ७९३ साली झाला. पण त्याचा पुढारी रॅग्नार होता, याला आधार नाही. मालिकेत त्याचा भाऊ म्हणून येणाऱ्या रोलोला फ्रँक राजाकडून प्रदेश मिळाला तो ९११ च्या सुमारास, म्हणजे शंभराहून अधिक वर्षांनी! पश्चिमेला भूमी आहे हे या लोकांना ठाऊकच नव्हते, हेही पटत नाही. त्यापूर्वीच वेसेक्सच्या किनाऱ्याला उत्तरेची तीन जहाजे लागल्याची नोंद 'अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल' या शकावलीत आहे.

आता मुख्य मुद्दा. ही शकावली इंग्लंडमधील लेखनिकांनी लिहिली. हल्ल्याविषयी पत्रे लिहिणारा अल्क्विन हाही ख्रिस्ती पंडितच. म्हणजे लेखणी मार खाणाऱ्यांच्या हाती होती. हल्लेखोरांची रून लिपी मुख्यतः दगड-लाकडावर कोरण्याची. त्यांच्या कथा ग्रंथरूपाने उतरल्या त्या बऱ्याच उशिरा, आइसलँडमध्ये. हल्ला क्रूर होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु हेच लोक घरी शेती करीत, वस्त्रे विणीत, हे सांगायला जमीन उकरावी लागली. नॉर्वेत ओसेबर्ग येथे १९०४ साली उकरलेल्या जहाजात दोन स्त्रियांच्या अस्थींबरोबर गाडी, घसरगाड्या आणि विणकामाची साधने सापडली.

याच भागात अ‍ॅथेलस्टन नावाचा कल्पित साधू धर्मग्रंथ उराशी धरून बसलेला असतो. एवढी संपत्ती सोडून तू पुस्तकच का वाचविलेस, असे रॅग्नार त्याला विचारतो. तो प्रश्न माझ्या मनातून जाईना.

आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. आजी अजून अंगठा उठविते. १९७२ च्या दुष्काळात तिने रस्त्याच्या कामावर खडी फोडली. सरकारी दप्तरात ती मजुरांच्या आकड्यातील एक असेल. त्या कामावर तिच्या शेजारी कोण बसे, दुपारी काय खात, हे कोणत्याही कागदावर नाही. गेल्या सुट्टीत मी वही घेऊन तिच्यापुढे बसले. ती म्हणाली, "अगं, हे कशापायी लिहितीस? आमचं काय मेलं लिहिण्यासारखं?"

मी तिला लिंडिसफार्नची गोष्ट सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बरं, लिही. पहिल्या हप्त्याला किती पैसे मिळाले, तिथनं सांगते."

वहीची अकरा पाने झाली आहेत.