गीत आणि काव्य

गेल्या वर्षीं आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें वहींत उतरून घेतलेलीं गाणीं आम्हांस दाखवून विचारिलें, "सर, ह्यांस कविता म्हणतां येईल काय?" "गाणें तें गाणें," असें म्हणून आम्हीं वही परत केली. तें उत्तर पुढें आम्हांसच बोचूं लागलें.

सन १९१३ मध्यें रवीन्द्रनाथ ठाकुरांस नोबेल पारितोषिक मिळालें, तें मुख्यत्वें इंग्रजी 'गीतांजली'मुळें. तींतील १०३ रचनांपैकीं पुष्कळ मूळ बंगालींत गीतेंच होत्या. इंग्रजींत चाल गेली, यमक गेलें, गद्य तेवढें उरलें. तरी परक्या वाचकांस कवि भेटलाच.

उलट, आमच्या संगीत नाटकांतील कित्येक पदें चाल काढून घेतांच निर्जीव होतात. चाल आधीं ठरलेली, शब्द मागाहून बसविलेले. मग ऱ्हस्वाचें दीर्घ होतें, भरतीचे शब्द शिरतात. गायकाचा गळा तें सारें झांकून नेतो. तथापि चाल आधीं असणें हाच दोष, असेंहि नव्हे. ओवीला जात्याची लय आधींच बांधलेली असते. पण ती नुसती वाचली तरी माहेरच्या आठवणीनें भरून आलेलें मन तींत स्पष्ट दिसतें. (ओवी रचणारी बाई बहुधा निरक्षर, हें आम्हां पदवीधरांनीं विसरूं नये!)

परवां त्या मुलास पुन्हां बोलावून एक गाणें न गुणगुणतां सावकाश वाचावयास सांगितलें. तिसऱ्या ओळीवर तो थांबला, म्हणाला, "सर, येथें अर्थच लागत नाहीं." दुसरें मात्र त्यानें न सांगतां दोनदां वाचलें.