चकतीवरून फितीवर

(गाणी सीडीवरून कॅसेटवर कशी उतरवतात आणि ते करताना कोणती काळजी घ्यावी लागते, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, तुमच्या घरी कपाटात किंवा माळ्यावर जुन्या कॅसेट ठेवलेल्या आहेत का? आज आपण गझल, कव्वाली किंवा भावगीत फोनवर ऐकतो. पण १९९० च्या दशकात गाणी ऐकण्यासाठी घरोघरी कॅसेट असे. त्याच काळात सीडीही आली होती. सीडीचा आवाज स्वच्छ असे; पण सीडी आणि ती वाजवणारे यंत्र, दोन्ही महाग होती. टेपरेकॉर्डर मात्र स्वस्त होता आणि बॅटरीवरही चालत असे. म्हणून लोक कोणाकडून तरी सीडी आणत आणि तिच्यावरची गाणी कॅसेटवर उतरवून घेत.

प्रथम या दोन वस्तूंची ओळख करून घेऊ. कॅसेट फिलिप्स या कंपनीने १९६३ साली बाजारात आणली. लू ओटेन्स या अभियंत्याच्या हाताखाली ती तयार झाली. ती खिशात मावावी, म्हणून त्यांनी आधी खिशात बसेल असा लाकडाचा ठोकळा करून पाहिला होता! कॅसेटमध्ये सुमारे चार मिलिमीटर रुंदीची प्लॅस्टिकची फीत असते. फितीवर लोहाच्या संयुगाचा बारीक थर असतो. या थरावर आवाज चुंबकाच्या साहाय्याने नोंदवला जातो. वाजताना फीत सेकंदाला सुमारे पावणेपाच सेंटिमीटर सरकते.

सीडी म्हणजे बारा सेंटिमीटर व्यासाची चकचकीत चकती. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी ती मिळून तयार केली आणि १९८२ साली ती जपानमध्ये विक्रीला आली. सीडीवर आवाज आकड्यांच्या रूपात साठवलेला असतो. एका सेकंदाच्या आवाजाची ४४,१०० वेळा मोजणी केलेली असते. हे आकडे लेसर किरण वाचतो. किरण चकतीला घासत नाही, म्हणून सीडी वाजवल्याने झिजत नाही.

आता गाणी कशी उतरवतात ते पाहू. काही जण स्पीकरसमोर माइक ठेवून गाणे भरत. पण त्यामुळे पंख्याची घरघर आणि भांड्यांचा आवाजही कॅसेटवर येई. चांगली रीत वेगळी आहे. सीडीच्या यंत्रातून एक तार थेट टेपरेकॉर्डरला जोडावी. मग खोलीत कोणी बोलले, तरी ते फितीवर येत नाही.

कामाला लागण्यापूर्वी थोडी तयारी करावी. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने टेपरेकॉर्डरचे हेड साफ करावे. मग वेळेचा हिशेब करावा. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची असते. समजा, सीडीवर दहा गाणी आहेत आणि ती एकूण ६२ मिनिटांची आहेत. पहिली सात गाणी ४३ मिनिटे २० सेकंदांत संपतात. आठवे गाणे सहा मिनिटांचे आहे. ते पहिल्या बाजूवर भरले, तर मध्येच तुटेल. म्हणून ते दुसऱ्या बाजूवर घ्यावे.

फितीच्या सुरुवातीचा तुकडा साधा असतो. त्यावर आवाज उमटत नाही. कॅसेटच्या दातेरी चाकात पेन्सिल घालून तो तुकडा पुढे सरकवावा, म्हणजे गाण्याची पहिली ओळ कापली जात नाही.

नंतर आवाजाची पातळी ठरवावी. सीडीवरचा सर्वांत मोठ्या आवाजाचा भाग आधी वाजवून पाहावा. त्या वेळी काटा शून्याच्या आसपास राहील, अशी कळ फिरवावी. काटा तांबड्या भागात फार वेळ राहिला, तर आवाज फाटतो. पातळी फारच कमी ठेवली, तर गाण्यामागे फितीची सरसर ऐकू येते. एवढे झाले की रेकॉर्डची कळ दाबून सीडी सुरू करावी. साध्या यंत्रात ६२ मिनिटांची गाणी उतरवायला ६२ मिनिटेच लागतात. अशी कॅसेट स्वतः ऐकण्यासाठी असावी. प्रती काढून विकणे म्हणजे कलावंताच्या हक्कावर घाला घालणे होय.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट ऐका. रेकॉर्डची कळ दाबली की फितीवरचे जुने सारे आधी पुसले जाते आणि मगच नवे उमटते. पुसलेले परत मिळत नाही. त्या काळी आखाती देशांत नोकरीला गेलेली माणसे कधी कधी पत्राऐवजी कॅसेटच पाठवत. तिच्यावर सलाम, खुशाली आणि मुलांची चौकशी भरलेली असे. कोणी आजीच्या ओव्या, कोणी बाळाचे पहिले बोल जपून ठेवले होते. अशा कॅसेटवर नाव लिहिलेले नसले, तर ती कोरी समजून तिच्यावर गाणी भरली जात आणि घरातल्या माणसाचा आवाज कायमचा नाहीसा होई.

हे टळावे म्हणून कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकचे दोन छोटे पापुद्रे असतात. पापुद्रा मोडला की त्या बाजूवर रेकॉर्डिंग होत नाही. कॅसेटची जी बाजू आपल्यासमोर असेल, तिचा पापुद्रा डावीकडचा. पुन्हा रेकॉर्डिंग करायचे झाल्यास त्या खाचेवर चिकटपट्टी लावतात.

तुमच्या घरी नाव नसलेली कॅसेट सापडली, तर ती फेकू नका आणि तिच्यावर काही भरूही नका. आधी तिचे पापुद्रे मोडा. मग मोठ्या माणसांसोबत बसून दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐका. ओळखीचा आवाज आढळला, तर तार जोडून तो संगणकावर उतरवून घ्या आणि कॅसेटवर त्या माणसाचे नाव लिहा.

शब्दार्थ
फीत – पट्टी. चकती – गोल, चपटी वस्तू. पातळी – प्रमाण. पापुद्रा – पातळ तुकडा. खुशाली – सुखरूप असल्याची बातमी. कोरी – काही न भरलेली

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कॅसेट कोणत्या साली बाजारात आली?
(आ) सीडी वाजवल्याने का झिजत नाही?
२. कारणे लिहा.
(अ) आठवे गाणे दुसऱ्या बाजूवर घ्यावे.
(आ) नाव नसलेली कॅसेट आधी ऐकावी.
३. सात गाणी भरल्यावर पहिल्या बाजूवर किती वेळ उरतो?
४. आवाज, तार, बाजू, साफ, नोकरी हे शब्द उर्दूतही आहेत. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
५. अनेकवचन लिहा : फीत, चकती, बाजू, पापुद्रा.