घरची ग्रंथपेटी आणि ऑइल इंजिनाची दुरुस्ती

उमरेड तालुक्यात नोव्हेंबरच्या मध्यास पेरलेल्या गव्हास डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पहिले पाणी द्यावे लागते. पेरणीपासून १८ ते २१ दिवसांच्या या काळात मुकुटमुळे फुटतात, आणि याच वेळी ओल कमी पडली तर फुटवे कमी येतात. ही उणीव पुढे कितीही पाणी दिले तरी पुरती भरून निघत नाही. नाल्यावर किंवा विहिरीवर ज्यांचे ऑइल इंजिन आहे त्यांचे इंजिन नेमके याच आठवड्यात बंद पडते, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. त्यात दैवाचा भाग नाही. पावसाळाभर झाकून ठेवलेले, टाकीत जुने डिझेल उरलेले इंजिन हंगामाच्या पहिल्याच दिवशी दहा तास चालविले म्हणजे ते रुसणारच. गावोगावची इंजिने एकाच आठवड्यात बिघडतात, त्यामुळे मिस्त्रीही त्याच आठवड्यात मिळत नाही. एखादा भाग नागपूरहून आणावयाचा झाल्यास एक दिवस आणखी जातो, आणि भाग चुकीचा निघाला तर दोन. भिवापुरी मिरचीच्या पट्ट्यातही हीच अडचण आहे. फुलोऱ्यात ताण पडला की फूल गळते, आणि गळलेले फूल परत लागत नाही.

विजेचे पंप आणि अलीकडे सौरपंप आले, तरी नाल्यावरून पाणी उचलणे, मळणी यंत्र चालविणे, वीज नसेल तेव्हा विहीर चालू ठेवणे ही कामे डिझेल इंजिनाकडे अद्याप आहेत. अशा इंजिनाच्या किरकोळ दुरुस्त्या घरी करता येतात काय, आणि त्यासाठी घरी कोणती पुस्तके असावीत, याचा विचार येथे केला आहे.

इंजिन व पुस्तक यांचा संबंध जुना आहे. रुडॉल्फ डिझेल याने आपल्या इंजिनाची उपपत्ती सांगणारा ग्रंथ १८९३ साली प्रसिद्ध केला आणि समाधानकारक चालणारे इंजिन १८९७ साली सिद्ध झाले. म्हणजे पुस्तक आधी व यंत्र मागाहून. महाराष्ट्रातील उदाहरण याहून जवळचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असत. पुढे बेळगावास त्यांनी सायकलींचे दुकान चालविले आणि त्यानंतर लोखंडी नांगर तयार केला. कारखानदारीचे शिक्षण त्यांना कोणी दिले नव्हते. परदेशी यांत्रिक नियतकालिके व पुस्तके वाचावयाची आणि वाचलेले लगेच हातांनी करून पाहावयाचे, हीच त्यांची शाळा. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि १९४६ साली पुण्याजवळ खडकीस ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला. विदर्भापुरते सांगावयाचे तर नागपूरच्या धरमपेठेतून निघणारे 'उद्यम' हे मासिक शेती व उद्योगधंद्यांची माहिती मराठीतून देत असे. असे अंक बांधून जपून ठेवणारी घरे या भागात होती.

असा ग्रंथसंग्रह करणारे हौशी लोक आजही आहेत. इंग्लंडातील डर्स्ली येथील लिस्टर कारखान्याच्या संथ चालीच्या इंजिनाचा नमुना राजकोटच्या कारखानदारांनी उचलला, आणि तेथील इंजिने भारतातील खेडोपाडी तर गेलीच, पण अमेरिकेसारख्या देशांतील हौशी माणसांनीही ती मागवून घेतली. ही मंडळी घराच्या पडवीत इंजिन उलगडतात, बसवितात, जुन्या पुस्तिका जमवितात. काहींच्या घरी त्यांची कपाटेच्या कपाटे भरलेली असतात. उमरेडच्या शेतकऱ्याला याचा हेवा वाटण्याचे कारण नाही. हौशी माणसाचे इंजिन आठ दिवस उघडे पडले तर त्याचे काही बिघडत नाही. शेतकऱ्याचे एक पाणी चुकते. म्हणून शेतकऱ्याचा संग्रह लहान पण नेमका असावयास हवा.

नेमका म्हणजे काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. आपल्याकडे 'लिस्टर' जातीचे व 'पीटर' जातीचे अशी दोन प्रकारची इंजिने विशेष आढळतात. लिस्टर जातीचे सहा अश्वशक्तीचे इंजिन मिनिटास ६५० फेरे करते. त्याच्या सिलिंडरचा व्यास साडेचार इंच व पिस्टनची धाव साडेपाच इंच असते. पीटर जातीचे पाच अश्वशक्तीचे इंजिन १,५०० फेरे करते आणि त्याचा व्यास ८० व धाव ११० मिलिमीटर असते. अश्वशक्ती जवळजवळ सारखी, तरी यंत्रे अगदी भिन्न. आता व्हॉल्व्हची दांडी व रॉकर यांच्यामध्ये ठेवावयाची फट घ्या. इंजिन तापले की दांडी लांबते, त्यासाठी ही जागा सोडलेली असते. फट कमी ठेवली तर तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, जळते वायू तेथून निसटतात आणि व्हॉल्व्हची कड जळते. फट जास्त झाली तर व्हॉल्व्ह उशिरा व कमी उघडतो, टकटक आवाज येतो आणि जोर कमी होतो. ही फट प्रत्येक इंजिनास वेगळी. आत येणाऱ्या हवेच्या व बाहेर जाणाऱ्या धुराच्या व्हॉल्व्हलाही ती बहुधा वेगवेगळी असते. ती थंड इंजिनावर मोजावयाची की गरम, हेही पुस्तिकेत दिलेले असते. शेजाऱ्याच्या इंजिनाच्या पुस्तिकेतील आकडा आपल्या इंजिनास लावणे म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याने वाचणे होय. चांगल्या हेतूने केलेली ही दुरुस्ती पंधरा दिवसांत व्हॉल्व्ह जाळते, आणि दोष मात्र इंजिनास लागतो.

म्हणून पेटीत पहिले स्थान आपल्याच इंजिनाच्या माहितीपुस्तिकेस. ती हरवली असल्यास इंजिनावरील पितळी किंवा पत्र्याच्या पट्टीवरचा नमुना व क्रमांक उतरवून घेऊन विक्रेत्याकडे मागणी करावी. तिच्या जोडीस सुट्या भागांची सचित्र यादी असावी. तिचे महत्त्व कमी लेखले जाते. "मोठी रिंग द्या" असे सांगून दुकानातून आणलेली रिंग बसेलच असे नाही. यादीतील क्रमांक सांगून आणलेली सहसा चुकत नाही. नागपूरची एक फेरी वाचली तरी यादीची किंमत वसूल झाली. तिसरे पुस्तक सर्वसाधारण शिक्षणाचे असावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत 'मेकॅनिक डिझेल' हा व्यवसाय शिकविला जातो. त्याची पाठ्यपुस्तके साध्या भाषेत व आकृत्यांसह असतात. तालुक्यातील होतकरू मुलगा त्या वर्गात शिकत असेल तर त्याची पुस्तके वर्ष संपल्यावर रद्दीत जाऊ देऊ नयेत.

चौथी वस्तू छापील नाही. ती शेतकऱ्याची स्वतःची वही. इंजिन किती तास चालले, ऑइल केव्हा बदलले, गाळणी केव्हा बदलली, कोणता भाग कोणत्या क्रमांकाचा घातला, एका तासास डिझेल किती लागले, एवढे त्यात लिहावे. गतवर्षी जेवढ्या डिझेलमध्ये दोन एकर भिजत होते तेवढ्यात यंदा दीड एकरच भिजत असेल, तर इंजिन बंद पडण्यापूर्वीच वही तसे सांगते. मोठ्या ग्रंथालयातही हे पुस्तक मिळणार नाही.

आता इंजिन सुरू न होण्याचा प्रसंग पाहू. बहुतेक वेळा दोष डिझेलच्या वाटेतच असतो, म्हणून उलगडाउलगड करण्याअगोदर तो मार्ग टाकीपासून नोझलपर्यंत क्रमाने तपासावा. टाकीत डिझेल आहे काय, तोटी उघडी आहे काय, झाकणावरील हवेचे भोक मातीने बुजले नाही ना, हे प्रथम पाहावे. नंतर गाळणीवरील हवेचा स्क्रू सैल करावा. बुडबुडे येणे थांबून अखंड डिझेल वाहू लागले की घट्ट करावा. तसेच फ्युएल पंपावरील स्क्रूचे करावे. शेवटी नोझलकडील नळीचे नट थोडे सैल करून, इंजिन हॅन्डलने फिरवावे. डिझेल बाहेर येऊ लागले की नट आवळावे. यानंतर डीकॉम्प्रेशनची कळ उचलून हॅन्डल फिरविताना नोझलमधून 'कर्र' असा आवाज आला, तर डिझेल फवारले जात आहे असे समजावे. एवढ्याने बरीच इंजिने चालू होतात. हवा पुन्हा पुन्हा शिरत असेल तर एखादा वॉशर तरी गेला आहे किंवा नळीस चीर तरी आहे.

आवाज येतो पण इंजिन पेट घेत नाही, असे झाल्यास दाब तपासावा. कळ खाली ठेवून चाक सावकाश हाताने फिरवावे. चांगल्या इंजिनात ते एका जागी अडते व स्प्रिंगसारखे मागे रेटते. सहज पुढे गेले तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत, रिंगा झिजल्या आहेत किंवा हेडचे गॅस्केट फुटले आहे.

चालू इंजिनाचा धूरही वाचता यावा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त व हवा कमी: भार अधिक आहे, हवेची गाळणी तुंबली आहे किंवा नोझल फवारा न मारता थेंब गाळीत आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळत आहे, रिंगांकडे पाहावे. पांढरा धूर सकाळच्या थंडीत काही वेळ आला तर चिंता नाही. इंजिन तापल्यावरही टिकला तर डिझेल न जळता जात आहे किंवा सिलिंडरमध्ये पाणी शिरत आहे. ऑइलची दांडी काढून पाहावी. ऑइल दुधासारखे दिसले तर त्यात पाणी आहे. पातळी आपोआप वाढली तर बहुधा डिझेल मिसळले आहे. या दोन्ही स्थितींत इंजिन चालवू नये, कारण बेअरिंगे पाहता पाहता जातात.

घरी काय करू नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. फ्युएल पंप उघडू नये. त्यातील प्लंजर व त्याचे नळकांडे एकमेकांस घासून जोडीने बसविलेले असतात. धुळीचा एक कण त्यांना पुरतो. नोझलचा दाब यंत्रावरच जुळवून घ्यावा. नोझल बाहेर काढून फवारा पाहण्याची अनेकांना सवय असते. सुमारे २०० किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाने निघालेला तो फवारा बोटास लागल्यास कातडी भेदून डिझेल आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, दुखतही नाही. पण काही तासांत बोट सडण्याची पाळी येते. अशा वेळी हळद न लावता त्या माणसास ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे व डिझेल आत गेले आहे असे डॉक्टरांना सांगावे.

हॅन्डल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, मुठीभोवती गुंडाळू नये. उलट झटका बसला तर मनगट वाचते. हवेच्या गाळणीत ऑइल खुणेपेक्षा जास्त भरू नये. ते सिलिंडरमध्ये ओढले गेले तर डिझेल बंद करूनही इंजिन बेफाम धावते. तेव्हा हवेच्या तोंडावर फळी दाबून ते थांबवावे, हात लावू नये.

सर्वांत मोठा धोका विहिरीचा. पाणी खोल गेले की काही जण इंजिनच विहिरीतील ओट्यावर उतरवितात. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नाही, आणि खोल विहिरीत प्राणवायूही लवकर संपतो. बंद पडलेले इंजिन पाहण्यास एक जण उतरतो, तो वर येत नाही म्हणून दुसरा उतरतो. या रीतीने एकाच घरातील माणसे गेल्याच्या घटना अनेक ठिकाणी घडल्या आहेत. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत येथे पुरेशी नाही. प्राणवायू कमी असेल तर कंदील विझतो, पण कार्बन मोनॉक्साइडने विझत नाही. इंजिन वरच असावे. खोल पाण्यासाठी दुसऱ्या प्रकारचा पंप घ्यावा. इंजिन कोणत्याही पुस्तकाच्या आधारे विहिरीत उतरून दुरुस्त करू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना येथे एक उपयुक्त काम आहे. गावात कोणत्या नमुन्याची किती इंजिने आहेत याची नोंद करून, प्रत्येक नमुन्याची निदान एक पुस्तिका गावच्या ग्रंथालयात ठेवता येईल. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानंतर पुष्कळ गावांत मान्यताप्राप्त वाचनालये झाली, पण तेथील कपाटांत कादंबऱ्यांच्या शेजारी इंजिनाची पुस्तिका क्वचितच सापडते. ऑक्टोबरमध्ये, हंगामापूर्वी, एखाद्या संध्याकाळी चालू इंजिनाजवळच तिचे वाचन करावे. ज्यांना वाचता येत नाही अशा अनुभवी माणसांना अवश्य बोलवावे. वाचणारा अडेल तेथे तेच भाग ओळखून देतात. पुस्तिकेची तेलकट पाने पाहून ग्रंथपालाने रागावू नये. स्वच्छ राहिलेली पुस्तिका बहुधा कोणी उघडलेली नसते.

पेटी पत्र्याची असावी आणि जमिनीवर न ठेवता दोन विटांवर, भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावी, म्हणजे वाळवी लागत नाही. पावसाळ्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा व उघडीप मिळताच पुस्तके सावलीत वारवावीत. आकड्यांचे पान मात्र वेगळे उतरवून प्लॅस्टिकच्या पिशवीत इंजिनाच्या खोपटातच टांगावे. इंजिन विकण्याचा प्रसंग आला तर पुस्तिका, यादी व वही ही तिन्ही घेणाऱ्याच्या हाती द्यावीत, आणि जुने इंजिन घेणाऱ्यानेही सौदा करताना रंगाआधी ती वही मागावी.