भावंडांची नावे : विशेषनामांतील अर्थसंबंध

प्रास्ताविक

विशेषनाम व्यक्तीचा निर्देश करते, तिचा गुण सांगत नाही, हे आपण व्याकरणात पाहिले आहे. ‘शांता’ नावाची स्त्री शांत असेलच असे नाही. नाव रुळले की त्याचा शब्दार्थ निद्रिस्त होतो. मात्र घरात दुसऱ्या अपत्याचे बारसे ठरते तेव्हा पहिल्या नावाचा अर्थ आणि उच्चार पुन्हा विचारात घेतला जातो. भावंडाच्या नावाशेजारी आल्यावर निद्रिस्त अर्थ कसा जागा होतो, ते या पाठात पाहू.

अर्थाचे नाते

नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची समाधी आहे. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही चार भावंडांची नावे वयाच्या क्रमाने वाचावीत. संसारातून मागे फिरणे, ज्ञान, त्यापुढील पायऱ्यांची वाट आणि अखेर मुक्ती असा अध्यात्माचा प्रवासच त्यांतून उलगडतो. क्रम बदलला तर हा अर्थ विस्कटतो. ‘सोपान’ म्हणजे जिना. एरवी मुलाला हे नाव कोणी ठेवले असते? पण या चौघांमुळे ते वारकरी घरांत आपलेसे झाले. चरित्रपरंपरेनुसार विठ्ठलपंत संन्यास घेऊन पुन्हा गृहस्थाश्रमात आले होते. त्यांच्या थोरल्या मुलाचे नाव ‘निवृत्ती’ असावे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

नाशिक जिल्ह्यातीलच भगूर येथील सावरकर बंधूंची नावे निराळ्या तऱ्हेने जुळतात. गणेश (१८७९) आणि विनायक (१८८३) ही एकाच देवतेची नावे, म्हणजे समानार्थी. धाकटे नारायण (१८८८). येथे अर्थाचा धागा सुटतो, पण ‘विनायक–नारायण’ यांत अक्षरसंख्येचे आणि उच्चाराचे साम्य उरते. पुण्याच्या चापेकर बंधूंत दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव ही तिन्ही कृष्णाचीच नावे होती.

ध्वनीचे नाते

लता, मीना, आशा, उषा ही मंगेशकर भगिनींची नावे दोन अक्षरी व आकारान्त आहेत. लताबाईंचे आधीचे ‘हेमा’ हे नावही याच मापाचे. हृदयनाथ मात्र वडिलांच्या, दीनानाथांच्या, नावाशी जुळते. आज केवळ यमक साधण्याकडे कल अधिक दिसतो. त्यात एक व्यावहारिक अडचण आहे : आतल्या खोलीतून एकाला हाक मारली की दोघेही ‘ओ’ देतात.

नात्याची दुसरी बाजू

भावंडांशी जुळणारे नाव नेहमी कौतुकाचेच असते, असे नाही. आधीची मुले दगावलेल्या घरात पुढच्या मुलाला ‘दगडू’ किंवा ‘धोंडू’ म्हणत. दगडासारखे तरी टिकावे, ही त्यामागची आस. मुलींमागून मुलगी झाली की तिचे नाव ‘नकुसा’, म्हणजे नकोशी. या नावाचा अर्थ बहिणींच्या संख्येवाचून कळत नाही, आणि तो कधी निद्रिस्तही होत नाही. शाळेच्या हजेरीत तो रोज उच्चारला जातो. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा २८० हून अधिक मुलींची नावे जाहीर समारंभात बदलण्यात आली. विशेषनाम केवळ निर्देश करते, हा व्याकरणाचा नियम या मुलींच्या बाबतीत अपुरा पडतो.

स्वाध्याय

१. आपल्या घरातील तीन पिढ्यांच्या भावंडांची नावे जन्मक्रमाने लिहा. त्यांतील नाते अर्थाचे आहे की ध्वनीचे, ते सोदाहरण स्पष्ट करा.
२. ज्या नावाचे इतर नावांशी कोणतेच नाते दिसत नाही, ते कोणी व का ठेवले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाच ओळींत लिहा.